लढून घरी आलेला फौजी आणि मनाची जखम : घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न फौजींच्या बायकांनी, आयांनी, भावांनी विचारलेले आहेत. खुद्द फौजी फार कमी विचारतात. ते आमच्याकडे पाठदुखी नाहीतर झोपेची तक्रार घेऊन येतात आणि उठून चपला घालताना खरं काय ते बोलतात. उत्तरं त्या घरांसाठी लिहिली आहेत, तपासणीऐवजी वापरण्यासाठी नाहीत. घरात जीव देण्याची भाषा सुरू असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावा.

आमचे हे कारगिलला नव्हते. कुठल्याच युद्धात नव्हते. मग हा त्रास कशानं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसानही यामागच्या समजुतीनंच होतं. आपल्याकडे युद्ध म्हणजे १९६५, १९७१ आणि कारगिल. कारगिल मे ते जुलै १९९९ एवढं चाललं, ५२७ जवान गेले, त्यांचे पुतळे उभे राहिले. पण गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रातला फौजी ज्या ड्युट्यांवर झिजला त्या वेगळ्याच आहेत. १९८७ ते १९९० श्रीलंकेत शांतिसेना होती. तिथून सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. सियाचिनवर १९८४ पासून आपली माणसं बसलेली आहेत, आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीनं, हिमस्खलनानं जास्त माणसं नेली. १९९० मध्ये दहशतवाद्यांशी लढणारी राष्ट्रीय रायफल्स उभी राहिली, आणि मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं काश्मीरच्या खोऱ्यात पाळीपाळीनं जात राहिली.

तिथे लढाई अमुक दिवशी सुरू झाली आणि तमुक दिवशी संपली, असं नसतं. पहाटे रस्ता मोकळा करायला निघायचं. प्रत्येक मोरी वाकून बघायची, प्रत्येक कचऱ्याचा ढीग, रस्त्याकडेला पडलेला प्रत्येक डबा सुरुंग समजायचा. रात्री अँबुश लावून, म्हणजे दबा धरून, खोकलासुद्धा दाबत पडून राहायचं. असं दोन-अडीच वर्षं. मग एखादं पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातलं पोस्टिंग, आणि परत तेच. त्या काळात त्यांनी एकही गोळी झाडली नसेल. तरी पुढची गाडी उडाल्यावर सोबत्याला पोत्यात गोळा करावं लागलं असेल. स्वयंपाकी, ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलवाला, सगळ्यांच्या वाट्याला हे येतं. ‘ते तर क्लार्क होते’ असं म्हणून विषय मिटवू नका. तो क्लार्कही लष्करी गाड्यांच्या त्याच ताफ्यातून, कॉन्व्हॉयमधून सुट्टीला आला होता.

या आजाराला नाव काय? ओळखायचा कसा?

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे कुणालाही होतं, बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिन्याच्या वर गेलं आणि काम, घर, झोप बिघडायला लागली, की तो आजार समजायचा.

घरात तो असा दिसतो. प्रसंग नकोसा असताना परत येतो, स्वप्नात नाहीतर जागेपणी, आणि आठवल्यासारखा येत नाही, आत्ता चालू असल्यासारखा येतो. डिझेलचा वास, भाजलेल्या मांसाचा वास, हेलिकॉप्टरचा आवाज, एवढं पुरतं. मग माणूस त्या गोष्टी टाळायला लागतो. बाजार टाळतो, लग्नं टाळतो, पलटणीतल्या दोस्ताचा फोन वाजला तरी उचलत नाही. तिसरं म्हणजे मन बधिर होतं. मुलीला पहिला नंबर मिळाला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि बायकोला वाटतं, यांचं आपल्यावरचं मनच उडालं. चौथं, शरीर सतत तयारीत राहतं. हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचं. झोपण्याआधी कड्या तीन-तीनदा तपासायच्या. चमचा पडला तरी उसळायचं. ज्या पहारेकऱ्याची ड्युटी बदलायला कुणी आलंच नाही, तसं ते शरीर उभं आहे.

सगळ्यांना सगळं होतंच असं नाही. कुणाला फक्त राग येतो, कुणी फक्त गप्प होतो. आणखी एक. ज्यांच्या जवळ स्फोट झालाय त्यांच्या मेंदूला मुका मार लागलेला असू शकतो. डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड ही लक्षणं दोन्हींत सारखीच दिसतात, म्हणून स्फोटाचा इतिहास डॉक्टरांना नक्की सांगा.

सुट्टीवर यायचे तेव्हा चांगले असायचे. पेन्शनीवर आले आणि सगळं सुरू झालं. असं का?

सुट्टीतला माणूस पाहुणा असतो. दोन महिन्यांत शेताची कामं, देवदर्शन, दोन-चार लग्नं, आणि रिझर्व्हेशनची तारीख आली. शिवाय पलटणीत हाच त्रास झाकला जातो. सगळेच कमी झोपतात, सगळेच दरवाज्याकडे बघत बसतात, म्हणून वेगळं काही वाटत नाही.

जवान पस्तीस-चाळिशीत निवृत्त होतो. सकाळची पीटी, रोल कॉल, लंगर, हुकूम देणारा आणि हुकूम ऐकणारा, असा सगळा सांगाडा एका दिवसात निघून जातो. गावात भाऊ शेत बघत असतो, मुलं बापाशिवाय मोठी झालेली असतात, बायको सगळे व्यवहार एकटीनं करत आलेली असते. त्याला बसायला जागाच नसते. त्यात बहुतेकांना मिळते ती सिक्युरिटीची नोकरी, तीही रात्रपाळीची. झोप आधीच मोडलेल्या माणसाला ही सगळ्यात वाईट नोकरी. पर्याय असेल तर दिवसपाळी मागून घ्या, चार पैसे कमी मिळाले तरी चालेल.

उभ्या उसात पाय ठेवत नाहीत. शेत तर सगळं उसाचंच. हा काय प्रकार?

काश्मीरच्या खोऱ्यात श्रावण-भाद्रपदात मका डोक्याच्या वर जातो. आत कोण आहे ते दोन हातांवरून दिसत नाही, पानं सळसळली तर वारा की माणूस हे कळत नाही. त्या मक्यात शोध घेताना जो पुढे चालला, त्याला तुमचा आडसाली ऊस काय वाटत असेल बघा. आणि पाणी पाजायचं ते रात्रीच्या लाईटीला, बॅटरी घेऊन, एकट्यानं.

कराडकडचे एक निवृत्त नाईक याच कारणासाठी आले होते. घरात त्यांना कामचुकार म्हणत. भावाशी बोलून आम्ही एवढंच ठरवलं की आधी फक्त बांधावरून चालायचं, सकाळी, भाऊ सोबत. ते जमायला लागलं की कडेच्या सरीत चार पावलं. छातीत धडधड सुरू झाली तरी पळून बाहेर यायचं नाही, धडधड उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, पायाखालची माती, पानाची धार, मोटरचा आवाज एकेक नोंदवत. ती आपोआप उतरते, हे शरीराला एकदा कळावं लागतं. रात्रीचं पाणी भावानं घेतलं. पुढच्या हंगामात ते तोडणीला फडात उभे होते, कडेला का होईना.

यात काही जादू नाही. टाळलेल्या गोष्टीजवळ बेतानं, ठरवून, सोबतीनं परत जाणं हा या आजारावरच्या सर्वांत चांगल्या उपचारांचा गाभा आहे. जबरदस्तीनं उसात ढकलणं म्हणजे उपचार नव्हे, तो दुसरा आघात झाला.

रात्री झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. उठवायचं का?

जवळ जाऊन हलवू नका, अंगावर हात टाकू नका. त्या क्षणी तुम्ही कोण आहात हे त्यांना माहीत नसतं. झोपेत बायकोचा गळा धरलेली माणसं मी ओळखते, आणि सकाळी त्यांनी काय भोगलं तेही. हाताच्या टप्प्याबाहेर, पायथ्याशी उभं राहा, दिवा लावा, नावानं हाक मारा. फौजेतलं नाव किंवा रँक लवकर पोहोचते, असा अनुभव आहे. जाग आली की साधं सांगा: तुम्ही घरी आहात, मी आहे, दोन वाजलेत. पाणी द्या. हवं तर ओसरीवर बसू द्या. काय दिसलं, हे तेव्हा विचारू नका.

वेगळ्या अंथरुणावर झोपलात तर नातं तुटत नाही. दोघांची झोप झाली तर उलट भांडणं कमी होतात.

साठीच्या पुढच्या माणसाचं हे झोपेतलं झाडणं नव्यानं सुरू झालं असेल, तर मात्र सगळं फौजेवर ढकलू नका. झोपेचा एक वेगळा आजार असतो, तो पार्किन्सनच्या आधी काही वर्षं दिसू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

दिवाळी, गणपती, लग्नाची वरात : दरवर्षी घरात तमाशा होतो.

फटाका कधी वाजणार हे आधी कळलं तर निम्मा त्रास कमी होतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना सांगून वेळ ठरवा, त्या वेळात तुमचे फौजी मळ्यात जाऊ देत किंवा दारं लावून आतल्या खोलीत टीव्ही मोठा करून बसू देत. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहायची सक्ती नको. मंडळाच्या पोरांना नीट समजावलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. फौजीबद्दल गावात मान असतो, तो इथे वापरा. आणि मागून येऊन ‘भौ’ करणं, दार आपटणं, झोपलेल्या माणसाच्या उशाशी लवंगी लावणं, हे गंमत म्हणूनसुद्धा नको.

कॅन्टीनचा कोटा महिना पुरत नाही. दारू सोडल्याशिवाय डॉक्टरकडे नेऊन उपयोग आहे का?

आहे. ‘आधी दारू सोडा, मग या’ असं कुणी म्हटलं तर दुसरा डॉक्टर बघा. रम ही बहुतेकांची झोपेची गोळी असते. पहिले दोन-तीन तास ती झोपवतेही, पण उत्तररात्री झोप मोडते, स्वप्नं जास्त येतात, दुसऱ्या दिवशी राग वाढतो आणि संध्याकाळी पुन्हा तीच. दोन्हींवर एकत्रच उपचार करावे लागतात.

रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावतो. ते दवाखान्यात, औषधांच्या आधारानं करायचं काम आहे. आणि मेडिकलमधून मागून आणलेली झोपेची गोळी दारूबरोबर कधीच नाही, श्वास थांबतो.

देवऋषी म्हणतो, सीमेवरून काहीतरी सोबत आलंय.

मेलेला सोबती दिसतो, त्याचा आवाज येतो, असं फौजी सांगतात, त्यामुळे घरच्यांना हे पटतं यात नवल नाही. जेजुरीला, ज्योतिबाला जाऊन त्यांना बरं वाटत असेल तर खुशाल जा. गेलेल्या दोस्ताच्या नावानं पान वाढायचं असेल तर वाढा. मी तर म्हणेन जरूर वाढा, कारण बऱ्याच जवानांना त्या माणसाच्या मातीलाही जाता आलेलं नसतं. पण मारणं, धुरी देणं, साखळीनं बांधणं, गोळ्या बंद करायला लावणं इथे थांबा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आमच्या आज्यानं महायुद्ध पाहिलं, त्यांना कुठे काही झालं? हल्लीची पोरं नाजूक.

झालं होतं, कुणी विचारलं नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक आहे. जे परत आले, त्यांचं स्मारक कुठे नाही. १९१५ मध्येच ब्रिटिश फौजेतल्या डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ नावानं हे लिहून ठेवलं. फ्रान्सच्या खंदकांतून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं तर सेन्सॉर उघडून वाचत असे, त्यामुळे खरं लिहायचीही सोय नव्हती. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी गोंधळ घातला, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे निदान आलं. आजोबा रात्रभर गोठ्यात का झोपायचे, जेवताना कुणी मागे उभं राहिलं की ताट का भिरकवायचे, हे जुन्या माणसांना एकदा विचारून बघा.

लोक म्हणतील, हवालदार घाबरला.

म्हणतील. गोळी लागलेली दिसते, म्हणून तिथे कुणी असं म्हणत नाही. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्या पायांना कुणी भित्रे म्हटलं नाही.

पण भीती हा यातला छोटा भाग आहे. अनेकांना छळते ती अपराधाची भावना. ‘माझी पाळी होती, तो गेला.’ ‘मी खाली बसलो आणि गोळी त्याला लागली.’ अण्णा हजारे यांनी सांगितलेला अनुभव प्रसिद्ध आहे: १९६५ मध्ये खेमकरणला ते ट्रक चालवत होते, हल्ल्यात सोबती गेले, ते वाचले, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्यांना सोडेना. सगळ्यांना त्या प्रश्नातून वाट सापडत नाही. आणखी एक प्रकार असतो, तो तर कुणीच बोलत नाही. झडतीत एखाद्या घरातली म्हातारी, एखादं लेकरू, अंधारात भलत्याच माणसाला लागलेली गोळी. अशा वेळी ‘तुम्ही देशासाठी केलंत’ या वाक्यानं त्याचं तोंड बंद होतं. ऐका, आणि न्यायनिवाडा करू नका. बाजूनंही नको आणि विरोधातही नको.

याच कारणासाठी १५ ऑगस्टला शाळेत हार घालून ‘अनुभव सांगा’ म्हणणाऱ्यांनी आधी घरी जाऊन विचारावं. काहींना ते आवडतं. काही जण त्यानंतर आठवडाभर झोपत नाहीत.

डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत. ‘मी काय वेडा आहे?’ म्हणतात.

नोकरीत असताना त्यांनी एक गोष्ट पाहिलेली असते. फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीला शेप म्हणतात, त्यातला एस म्हणजे मानसिक बाजू. तिथे शेरा आला की हत्यार काढून घेतात, प्रमोशन अडतं, बराकीत ‘सायको’ नाव पडतं. त्यामुळे लपवायची सवय पक्की झालेली असते. ती एका भांडणात सुटणार नाही.

मनाचं नाव न काढता झोपेचं नाव काढा. ‘झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू’ याला बहुतेक फौजी तयार होतात. बीपी, शुगर तपासायला जाताना जोडून घ्या. पलटणीतला जो दोस्त स्वतः उपचार घेऊन सावरलाय त्याला चार दिवस राहायला बोलवा. त्याच्या एका वाक्याला माझ्या दहा वाक्यांची किंमत आहे. आणि तरीही नाही आले तर तुम्ही एकटे जाऊन भेटा. घरच्यांनी बोलायला लागल्यानंतर काही महिन्यांनी स्वतःहून आलेले कितीतरी आहेत.

उपचार म्हणजे नेमकं काय? गोळ्यांची सवय लागते का?

बोलण्याचे उपचार आधी. प्रसंगाला पुन्हा पुन्हा, सुरक्षित जागी सामोरं जाण्याची पद्धत. ‘चूक माझीच’ अशा घट्ट बसलेल्या विचारांची तपासणी करणारी पद्धत. आणि डोळ्यांच्या हालचालींच्या आधारानं केली जाणारी ईएमडीआर. तिन्हींचा उपयोग सिद्ध झालेला आहे. साधारण तीन-चार महिने, आठवड्याला एक बैठक. पहिल्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढल्यासारखी वाटतात आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. घरच्यांनी सगळ्यात जास्त धीर तेव्हा द्यायचा असतो. अडचण एवढीच की हे नीट शिकलेले समुपदेशक पुण्या-मुंबईबाहेर कमी आहेत. फोनवरून, व्हिडिओवरून बैठक घेता येते का ते विचारा.

गोळ्यांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांसारख्या गोळ्या प्रामुख्यानं देतात. त्यांची नशा येत नाही. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, धडधडीच्या गोळ्यांची. त्या या आजारात दीर्घकाळ देऊच नयेत असं मत आता पक्कं झालं आहे, तरी सर्रास दिल्या जातात. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन हे बीपीचं औषध काही डॉक्टर देतात. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा खास फायदा दिसला नाही, पण एखाद्याला लागू पडतं.

जायचं कुठे?

पेन्शनर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे. जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मनोविकारतज्ज्ञांकडे रेफरल मागायचा. रांग असते, औषध कधी कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ असतं, हे खरं. तरी कागद तयार होतो आणि तो पुढे उपयोगी पडतो. लष्कराची मोठी रुग्णालयं म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि मुंबईत नौदलाचं अश्विनी. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिथे ईसीएचएसचं कार्ड लागत नाही. रेफरलचा किंवा कागदांचा घोळ झाला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

घरबसल्या टेली-मानस, म्हणजे सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला.

उपचार घेतले तर पेन्शन थांबेल का? नोकरीवर कळेल का?

पेन्शन थांबत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते सिक्युरिटी एजन्सीला कळवत बसत नाहीत.

उलट काही जणांना पेन्शन वाढून मिळू शकते. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे बळावला असं ठरलं, आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलं गेलं, तर अपंगत्व पेन्शनचा हक्क येतो. फौजेकडून ‘आजार घरगुती कारणांचा, नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा मानसिक आजारांवर फार वेळा मारला जातो. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरून चालायचं, आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. २०१४ च्या राम अवतार निकालानं टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ, म्हणजे पन्नासच्या आतली असेल तर ५० धरण्याचा, निवृत्तीची मुदत पूर्ण केलेल्यांनाही मिळाला. २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यानंतर निवृत्त झालेल्यांची प्रकरणं त्यांनुसार बघतात, म्हणून तारीख महत्त्वाची. दावा फेटाळला तर आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

अजून नोकरीत असलेल्यांना एकच सांगणं. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डापुढे ‘सब ठीक है साब’ म्हणू नका. घरी लवकर जायच्या घाईत तिथे जे लपवलं जातं, ते नंतर सिद्ध करताना दमछाक होते.

वडील १९७१ च्या लढाईत होते. पन्नास वर्षं काही नाही, आणि आता रात्री ओरडायला लागले.

असं होतं. कामाच्या रगाड्यात दाबून ठेवलेलं, काम सुटल्यावर वर येतं. जोडीदार गेला, ऐकायला कमी आलं, स्मरणशक्ती ढिली पडली, टीव्हीवर दिवसभर हल्ल्याच्या बातम्या लागल्या, यातलं काहीही निमित्त ठरतं. टीव्हीचा रिमोट तुमच्याकडे घ्या. म्हाताऱ्या माणसाला बोलायचं असेल तर ऐका, नातवाला जवळ बसवा. आणि स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या, कारण त्यावरचा उपचार वेगळा.

हात उचलतात. आजारी आहेत म्हणून सहन करायचं का?

नाही. आजारानं राग येतो, मारायचा परवाना मिळत नाही. चिडण्याची सुरुवात ओळखून त्यांनी उठून बाहेर पडायचं आणि तुम्ही वाट अडवायची नाही, असं शांत वेळी दोघांनी ठरवून ठेवा. तरीही हात उठला तर मुलांना घेऊन शेजारी, माहेरी जा, ११२ ला फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण फौजीच्या बायकोलाही आहे. तुम्ही बाहेर पडलात म्हणून उपचाराला आलेले नवरे मी पाहिलेत. तुम्ही सोसत राहिलात म्हणून बरा झालेला एकही पाहिला नाही.

मुलांना काय सांगायचं?

वयाप्रमाणे, पण खरं. ‘बाबांना ड्युटीवर फार भीतीदायक गोष्टी दिसल्या, त्या अजून आठवतात, म्हणून मोठा आवाज त्यांना सहन होत नाही. तुझ्यामुळे नाही.’ शेवटचे दोन शब्द चुकवू नका. बाप चिडला की लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात.

‘संपवतो एकदाचं’ म्हणतात. बोलून दाखवणारा करत नाही ना?

करतो. हा समज डोक्यातून काढा. सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?’ विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाले तर त्या रात्री एकटं सोडू नका. १४४१६ किंवा १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

आणि आजच दोन कामं करा. गनमनच्या नोकरीसाठी घेतलेली परवान्याची बंदूक घरात असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, तशी करा; नंतर परत मिळते. आणि फवारणीची औषधं शेतातल्या खोलीत कुलूपबंद ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही लाट बहुतेक वेळा काही तासांची असते; त्या तासांत साधन हाताला लागलं नाही तर माणूस वाचतो.

प्रयत्न झाला तर पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ चा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच मानतो आणि शिक्षा करायला मनाई करतो.

पूर्ण बरे होतात का?

बरेच जण होतात. काहींना वर्षातून एखादा वाईट काळ येतो, बहुधा त्या प्रसंगाच्या तारखेच्या आसपास. ती तारीख घरात माहीत असावी. आठवण पुसली जात नाही, ती आठवणच होऊन राहते, एवढं साधलं तरी झोप आणि घर परत मिळतं.

अग्निवीरांचं काय?

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा आणि ईसीएचएस नाही. म्हणजे विशीतल्या पोरांना सिव्हिल हॉस्पिटल आणि टेली-मानसवरच भिस्त ठेवावी लागेल. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. नोकरीत असतानाच त्रास झाला तर तिथेच नोंद करून घ्या.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं?

डिस्चार्ज बुक, फौजेतले सगळे वैद्यकीय कागद, चालू गोळ्यांची पाकिटं. कुठल्या साली कुठे पोस्टिंग होतं याची अर्ध्या पानाची यादी. दोन आठवड्यांच्या झोपेची नोंद: कधी आडवे झाले, किती वेळा उठले, ओरडले का, प्यायले का. आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस, जे खोलीबाहेर थांबेल आणि बोलावलं तरच आत येईल.